पाच रंगांचं ताट

परवा औषधं आणायला गेले तर दुकानदाराने न मागता एक बाटली माझ्यापुढे ठेवली. आत लाल-जांभळ्या गोळ्या आणि वर ऐटीत लिहिलेलं, ॲन्टिऑक्सिडंट. "या वयात घ्यायलाच पाहिजे मॅडम, पेशी गंजत नाहीत," तो म्हणाला. मला हसू फुटलं. मी किमतीला हसले असं वाटून तो बिचारा लगेच सवलत सांगू लागला. हे गंजाचं प्रकरण मी लातूरला, ऐन तारुण्यात, एका चिरलेल्या वांग्यासमोर उपाशीपोटी बसून ऐकलेलं आहे, हे त्याला कुठून कळणार?

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला होता, फायली ट्रकमधून उतरत होत्या आणि आमच्यासारखी नव्याने लागलेली कारकून मंडळी वळकट्या घेऊन गल्लोगल्ली खोल्या शोधत हिंडत होती. मी हदगावची. एकटी बाई म्हटल्यावर घरमालक दारातूनच "खोली दुसऱ्याला दिली" असं सांगत. शेवटी कुणीतरी म्हणालं, "रसायनवाल्या सरांकडं जावा. त्येंची खोली कायम रिकामीच असती." ती रिकामी का असते, हे विचारायला हवं होतं. पण पाय दुखत होते.

दारात एक उंच, वाळक्या अंगाचे गृहस्थ उभे होते. कपाळावर भस्माचे पट्टे, बंडीच्या आत गळ्यातलं लिंग, नाकाशी तपकिरीची चिमूट. शाळेत रसायनशास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. आत गेले आणि एक वांगं, एक लिंबू आणि विळी घेऊन आले. वांग्याचे दोन तुकडे केले, एका तुकड्यावर लिंबू पिळलं आणि दोन्ही तुकडे ताटलीत ठेवून माझ्यासमोर सरकवले.

"बसा."

मी बसले. जरा वेळाने मी भाड्याचं विचारलं.

"थांबा की बाई. भाडं कुठं पळून चाललंय?"

पुन्हा आम्ही दोघं वांग्याकडे बघत बसलो. घरातून फोडणीचा वास येत होता आणि माझ्या पोटात कावळे कोकलत होते. हळूहळू लिंबू न लावलेला तुकडा तपकिरी पडला. दुसरा होता तसाच राहिला.

"काय दिसायलंय?"

"हा काळा पडला."

"कामून?"

"हवा लागली म्हणून."

"हवेतलं काय लागलं?" आणि मी बोलायच्या आत स्वतःच मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऑक्सिजन! ज्येच्याबगर आपण जगत न्हाई, त्योच आपल्याला कुरतडून राहिलाय. लोखंडाला गंज, तेलाला खवटपणा आन माणसाला म्हातारपण. चोर एकच, घरं तीन."

"मग काय श्वास घ्यायचा नाही का माणसांनी?" मी वैतागून म्हणाले.

सर इतके खूश झाले की तपकिरीची चिमूट खाली सांडली. "अक्का!" त्यांनी आत हाक मारली. "हिला खोली द्यायची. एवढ्या भाडेकरूंत हिनं पयला परश्न विचारला!"

अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, आणि सरही तेच म्हणत. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवलीस का लेकरा? ह्येंनी वांगं चिरलं म्हंजी माणूस उपाशीच असतंय."

खोलीच्या अटी दोन होत्या. रात्री दार लवकर लावायचं, ही पहिली, आणि ती त्यांनी कधी पाळायला लावली नाही. दुसरी, साल काढायची नाही. ती मात्र दगडावरची रेघ. काकडीची, दोडक्याची, बटाट्याची, कशाचीच साल काढायची नाही, कारण सरांच्या मते रंग सालीत असतो आणि गंजाशी लढणारं सैन्य रंगात असतं. आठवड्यातून एकदा ते आमच्या कचऱ्याच्या टोपल्या तपासत. मी लाजेने मेले होते पहिल्यांदा. घरमालक भिंतीला खिळे ठोकले का ते बघतात, हे गाजराच्या साली शोधत.

माळ्यावरच्या खोलीत एक ओव्हरसियर राहायचे, आंध्रच्या सीमेवरच्या बिलोलीचे. त्यांच्या घरी निम्मं बोलणं तेलुगूत चाले आणि जेवणात पांढराशुभ्र भात आणि त्यावर दही. सरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, पांढरा झेंडा. "लढाईच्या आदीच शरण गेलेला माणूस हाय ह्यो," ते म्हणत. ओव्हरसियर स्वभावाने गरीब. ते भातावर सरांसमोर चिमूटभर हळद टाकत आणि सर वळले की बाजूला सारत.

सरांचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं, आणि ती गोष्ट ते कुणालाही, अगदी टपाल घेऊन आलेल्या माणसालाही, उभ्या उभ्या सांगत. "झाडाला सावलीत बसता येतंय का? न्हाई. दिवसभर उन्हात हुबं. ऊन त्येलाबी जाळतंय, त्येचाबी गंज व्हायलाय. मग ते काय करतंय? रंग बनवतंय. लाल, हिरवा, जांभळा. रंग म्हंजी झाडानं सोताच्या दारात ठेवलेला पहारेकरी. आपल्याला तेवढे पहारेकरी बनवता येत न्हाईत. म्हणून ते झाडाकडून घ्यायचे, आन ताटात बसवायचे." यातलं बरंचसं खरं आहे, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटायचं, म्हातारा भाजी खायला लावायला काहीही सांगतोय.

त्यातूनच त्यांचा पण निघाला होता. ताटात पाच रंग असल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. ज्वारीची भाकरी, हिरवी पालेभाजी, कारळाची काळी चटणी, लाल ठेचा, पिवळं वरण. घरी सोपं होतं. अक्कांना सवय होती. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, अंबाडी, तांदुळजा, घोळ, बोरं, कवठ, जांभळं, ज्या हंगामात जे येईल ते त्या घरात येई. बाहेर जेवताना मात्र पंचाईत. त्यासाठी सरांनी एक डबी केली होती. पितळेची, आत खण पाडलेली. एका खणात वाळलेला कढीपत्ता, एकात आवळ्याच्या वाळक्या फोडी, एकात कारळ, एकात मिरची. ती बंडीच्या खिशात असे आणि चालताना खुळखुळे. सर आले हे आम्हाला त्या आवाजावरून कळायचं.

एकदा आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाला सर आले. पंगतीत भात, पुरी, बुंदी, बटाट्याची भाजी. सरांनी ताटाकडे बघून मान हलवली, डबी काढली आणि डोळे बारीक करून ताटाच्या चारी बाजूंना चिमूट चिमूट टाकू लागले. मनात रंग मोजत होते, त्यामुळे ओठ हलत होते. भोवतालची माणसं जेवायची थांबली. कपाळाला भस्म, ओठात पुटपुट, ताटावर चिमटी! कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "भानामती उतरवायलेत." बघता बघता नवरीची आत्या ताट घेऊन पुढे आली. "महाराज, माझ्याबी लेकीला पोरगं न्हाई. वाईच टाका." आणि सरांनी टाकलं! वर तिला सांगितलं, "रोज खायचं. साल काढायची न्हाई." आत्याबाईंनी तो गुरुमंत्र समजून हात जोडले. मी उरलेलं लग्न हसू दाबण्यात घालवलं.

अक्का त्यांच्या शास्त्राला भीक घालत नसत, पण त्यांच्या पोटाला जपत. कधी तरी टोला हाणत. "माझ्या म्हायेरी समदे साल टाकायचे. आज्जा म्हातारा झाला तरी काठीबगर शेतात जायचा."

सर तपकीर चिमटीत घेत. मग म्हणत, "साल टाकली ती कुणी खाल्ली?"

"शेळीनं."

"शेळीचं दूध कुणी पिलं?"

"आज्ज्यानं."

"झालं तर!" आणि चिमूटभर तपकीर ओढत. तपकिरीने काय होतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रंगीतच हाय की."

अशा माणसाचं कुणाशी वाकडं येईल असं वाटत नाही. पण आलं होतं, आणि तेही सख्ख्या धाकट्या भावाशी.

औशाच्या बाजूला त्यांचं गाव आणि तिथे दोघांचं मिळून शेत. सर नोकरीसाठी लातूरला, भाऊ शेतात. भावाला सगळे अप्पा म्हणत. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा अप्पा शेंबडं पोर होतं, सासू नव्हती; त्याला अक्कांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्या शेतात पूर्वी ज्वारीच्या ओळींत करडई असायची, बाजूला जवसाची निळी फुलं, बांधाला अंबाडी, मध्ये हरभरा. सर त्या शेताला "माझं ताट" म्हणत. मग विहिरीला मोटार बसली आणि अप्पांनी सगळं मोडून ऊस लावला. सर गावी गेले, बांधावर उभे राहिले, आणि चार माणसांसमोर ओरडले, "अप्पा, पाच रंगांचं शेत तू साखरेवानी पांढरं केलंस!"

अप्पांनी हातातलं खोरं खाली टाकलं. "दादा, तुमचं शास्तर तुमच्या ताटात ठेवा. शेत मी कसायलोय."

बस्स. त्यानंतर सर त्या शेतात गेले नाहीत आणि अप्पांनी बोलावलं नाही. दोघेही एकाच आईचे. कोण वाकणार?

याचा त्रास कुणाला झाला तर अक्कांना, आणि तो वर्षातून एक दिवस हमखास वर यायचा. वेळ अमावस्येला. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, पूजा करायची, "ओलगे ओलगे" असं ओरडत शेतात आंबील शिंपायची. त्या ओरडण्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, पण ओरडताना कुणी लाजत नाही. आणि मग भज्जी. शिवारात जे जे मिळेल ती प्रत्येक भाजी, ओले हरभरे, तूर, वाटाणे, सगळं ताकात आणि बेसनात एकत्र शिजवायचं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे. सरांच्या मते भज्जी हा मराठवाड्याने लावलेला सर्वांत मोठा शोध होता. "जेवढे पहारेकरी तेवढे एकाच पातेल्यात," ते म्हणत.

भांडणानंतर सरांची येळवस गच्चीवर व्हायची. कुंड्यांमध्ये पाच दगड मांडायचे आणि आम्ही चौघं कुंड्यांभोवती "ओलगे ओलगे" करत फिरायचो. अक्का भज्जी करायच्या, वाढायच्या, आणि स्वतः दोन घास खाऊन उठायच्या. "गच्चीवरच्या भज्जीला मातीचा वास न्हाई," म्हणायच्या.

आज सर नाहीत, अक्काही नाहीत. पण ते दुष्काळाचं वर्ष आठवलं की दोघंही डोळ्यांसमोर येतात. पाऊस असा काही रुसला की नव्या जिल्ह्याचं कौतुक लोक विसरून गेले. टँकर आला की गल्लीत घागरींची मारामारी. मंडईत पालेभाजी म्हणून जे मिळे ते गाढवाने हुंगून सोडलेलं वाटायचं. सर मात्र हटले नाहीत. त्यांनी आंघोळीचा कायदा काढला. प्रत्येकाने घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची आणि ते पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घालायचं. साबण बंद, शिकेकाई किंवा डाळीचं पीठ. ओव्हरसियरना साबणाशिवाय चैन पडेना. त्यांनी गुपचूप लावला आणि दुसऱ्या दिवशी मेथीच्या कुंडीत फेस तरारला. सरांनी त्यांना मेथीची माफी मागायला लावली. ते खरंच कुंडीसमोर हात जोडून उभे राहिले. माणूस फार गरीब.

आमच्या अंगाच्या पाण्यावर ती मेथी, शेपू, अंबाडी आणि करडई वाढली. खाताना मनात विचार यायचा, पण खायचो.

त्याच वर्षी अक्कांना टायफाईड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. घास तोंडात फिरवायच्या आणि खाली ठेवायच्या. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. डॉक्टर म्हणाले, "आता माझं काम संपलं सर. आता ताटाचं काम. त्यांनी खाल्लं नाही तर मी काय करू?"

आयुष्यभर दुसऱ्यांची ताटं रंगवणारा माणूस त्या एका ताटापुढे हरला. सर रोज पाच रंग मांडून अक्कांच्या उशाशी बसत. समजावत, रागावत, लहान मुलासारखे घास भरवत. अक्का भिंतीकडे तोंड करत. मी त्यांना एकदा ते ताट तसंच परत नेताना पाहिलं. डबी खुळखुळत नव्हती, त्यांनी खिशावर हात दाबून धरला होता. तो आवाजही नको झाला असावा. मला फार वाईट वाटलं.

येळवस जवळ आली तेव्हा मी अक्कांना विचारलं, "काय खावंसं वाटतं ते तरी सांगा."

"अप्पाच्या शेतातली भज्जी," त्या म्हणाल्या. एवढंच. पण सर दारात उभे होते, आणि त्यांनी ऐकलं.

 त्या संध्याकाळी सरांनी मला आणि ओव्हरसियरना बोलावून घेतलं.

"अप्पानं बोलवल्याबगर मी जाणार न्हाई," ते म्हणाले.

"मग पत्र टाकू?" मी म्हणाले.

"मी सांगून बोलवून घेनार न्हाई."

मला असा राग आला की वाटलं, तपकिरीची डबी घेऊन नाल्यात फेकावी. "अक्का तिकडे वाळायल्यात आणि तुमचा ताठा कसला सर?" मी बोलून गेले.

ते शांतपणे म्हणाले, "येळवशीला बांधावरनं जानाऱ्या वाटसरूला काय करतात?"

"हाक मारतात. जेवायला घालतात."

"वैरी असला तर?"

"तरी."

"त्येला आदी बोलवनं धाडावं लागतंय का?"

 सरांच्या डोळ्यांत, कित्येक दिवसांनी, ते वांगं चिरतानाचं तेज आलं. "येळवशीला आपणच वाटसरू. तुमी दोघं उत्प्रेरक."

"म्हंजी काय करायचं सर?" ओव्हरसियर घाबरून म्हणाले.

"काईच न्हाई. उत्प्रेरक सोता बदलत न्हाई. त्यो नुसता हजर असला की क्रिया व्हती."

येळवशीच्या दिवशी एसटीने फाट्यावर उतरलो. शेत तिथून हाकेच्या अंतरावर, पण अक्कांना ते अंतरही डोंगराएवढं. मी एका बाजूने धरलं. सरांच्या काखेत ओल्या फडक्यात बांधलेली सगळी गच्ची होती. कुंड्यांमधली झाडून सगळी भाजी त्यांनी पहाटे कापली होती. "हाक मारलीच तर रिकाम्या हातानं जायचं न्हाई," ते म्हणाले. शिवारात हिरवं म्हणून औषधालाही नव्हतं. ऊस जागच्या जागी वाळून उभा होता, वारा आला की कागदासारखा वाजत होता.

कडुलिंबाखाली अप्पा दिसले. कोप होती, पण कडब्याची नव्हती. कडबा कुठून आणणार? उसाच्या पाचटाची होती. पुढे तीन दगडांची चूल, चुलीवर पातेलं, बाजूला त्यांची बायको. आम्ही बांधाच्या वाटेने, अगदी संथ, चालत गेलो. अप्पांनी मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि पाठ फिरवून चूल फुंकू लागले.

शेत संपलं. हाक आली नाही.

"परत," सर म्हणाले.

आम्ही वळलो. अक्कांना धाप लागली होती. सर खोकले. पुन्हा खोकले. ओव्हरसियरना वाटलं आपलंही काही काम आहे; ते मोठ्याने म्हणाले, "हे शेत कुणाचं हाय हो सर?"

"मला काय ठावं? मी वाटसरू माणूस."

अप्पांची फुंकणी जोरात चालू होती. तेवढ्यात त्यांची बायको उठली. तिने कपाळावर हात धरून बांधाकडे बघितलं, अक्कांची हाडं झालेली पाहिली आणि नवऱ्यावर कडाडली. "वाटंनं माणसं चाललीत, आन तुमी चूल फुंकायलाव? येळवस हाय का काय हाय आज?"

अप्पा उठले. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. बांधाशी आले, पण सरांच्या तोंडाकडे बघेनात, पायांकडे बघत होते.

"ओ पाव्हनं," ते म्हणाले. "कंच्या गावचं?"

"लातूरचं," सर म्हणाले.

"जेवून जावा. येळवशीला आमच्या शिवारातनं कुनी उपाशी जात न्हाई."

"तुमच्या मंडळींना तरास व्हईल."

"तरास कसला. पानी तेवढं कमी हाय."

दोघांचाही चेहरा कोरा. मला हसावं की रडावं कळेना. अक्का मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी माझा हात सोडला, बांध उतरल्या, आणि अप्पांच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती वाळलास रे." स्वतः काडी झालेल्या! अप्पांनी तोंड फिरवलं आणि धूर गेल्यासारखे डोळे पुसले.

कोपीपाशी बसलो. बाभळीला बैल बांधला होता. जोडीतला एकच राहिला होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. सरांनी फडकं बाजूला ठेवलं तशी त्याने मान ताणली. दावं पुरेना. जीभ बाहेर काढून तो त्या ओल्या फडक्याकडे नुसता बघत राहिला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. मग उठले, गाठ सोडली, आणि मेथी, शेपू, अंबाडी, करडई, आमच्या घमेल्यातल्या आंघोळी, सगळं त्याच्या पुढ्यात टाकलं.

"भज्जीसाटी आनली व्हती न्हवं?" अप्पा म्हणाले. पाव्हण्याशी बोलल्यासारखं बोलायचं ते विसरले होते.

"त्येलाबी गंज चढू नये," सर म्हणाले.

पानं वाढली. मी पानात बघितलं. भज्जी पिवळी. नुसती पिवळी. त्या वर्षी शिवारात भाजी कुठली? बेसन, थोडी डाळ, जुने वाळलेले वाटाणे, मीठ. सोबत उंडा. बस्स. अप्पांची बायको खाली मान घालून म्हणाली, "ह्या वर्साला एवढंच हाय भावजी."

सगळे सरांच्या हाताकडे बघत होतो. साहेबाच्या मांडवात न डगमगलेला तो हात बंडीच्या खिशाकडे गेला. अप्पाही बघत होते, ओठ घट्ट मिटून. हात खिशापाशी थांबला. तिथून वळला, पानात आला, आणि सरांनी भज्जीत उंडा कुस्करून पहिला घास तोंडात टाकला.

"डबी?" अक्कांनी हळूच विचारलं.

"घरी राहिली," सर म्हणाले.

मी शेजारीच बसले होते. दुसऱ्या घासाला ते वाकले तेव्हा ती खिशात खुळखुळली. अप्पांनीही ऐकली असणार, कारण ते पहिल्यांदा हसले. 

अक्का जेवल्या. सावकाश जेवल्या, एकेक घास चावून. पान पुसून झालं, आणि त्यांनी जावेपुढे हात केला. "वाढ गं जरा." सर त्यांच्याकडे बघत राहिले, आणि स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून पानात पडलं, तरी त्यांनी पुसलं नाही. ओव्हरसियर, ज्यांनी जन्मात पिवळं काही मनापासून खाल्लं नव्हतं, ते तिसऱ्यांदा मागत होते.

उन्हं कलली तेव्हा अप्पा बांधापर्यंत पोचवायला आले. दोघं भाऊ उभे राहिले, एक बांधाच्या अलीकडे, एक पलीकडे. मागे बैल उरलेल्या काड्या चघळत होता.

"पाव्हनं," अप्पा म्हणाले, "परत कदी येनार?"

सरांनी तपकिरीची चिमूट घेतली, अर्धी अप्पांच्या तळहातावर ठेवली.

"माझी वाट हिकडूनच हाय," ते म्हणाले.

लातूरहून कुठेही जायला ती वाट लागत नव्हती.